अपंगांचे मत: पेटी दारी आली, पण लेखणी कोणाच्या हाती?

मताधिकार हा कायद्याने सर्वांस सारखाच दिलेला असतो. परंतु तो बजावण्यासाठी जे श्रम पडतात, ते मात्र सर्वांस सारखे पडत नाहीत. धडधाकट माणसास मतदान केंद्रापर्यंत जाऊन येणे म्हणजे सकाळच्या अर्ध्या-पाऊण तासाचा प्रश्न. ज्याचे पाय लुळे आहेत, ज्याची दृष्टी गेली आहे किंवा ज्यास अंथरुणावरून उठवत नाही, अशा नागरिकास तीच वाट पुष्कळदा ओलांडता न येणारी ठरते. ही अडचण दूर करण्यासाठी भारतात जी टपाली मतदानाची व्यवस्था २०१९ पासून अपंगांस खुली झाली, तिचे स्वरूप काय, तिने काय साधले आणि तिच्यात कोणती एक महत्त्वाची उणीव राहिली आहे, याचा विचार प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाने करावा, इतका हा विषय घराघराशी निगडित आहे. सरकारी कागदपत्रांत हल्ली अपंगांस ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द कोणताही योजला तरी प्रश्न तोच राहतो: ज्याचे मत, त्यालाच ते देता येते काय?

हा प्रश्न सपाट प्रदेशात जितका जाणवतो, त्याहून डोंगराळ मुलखात अधिक तीव्रतेने जाणवतो. महाबळेश्वराचेच उदाहरण घ्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फूट उंचीवर वसलेले हे ठिकाण पर्यटकांस बाजारपेठ, स्ट्रॉबेरीचे मळे आणि कड्यांवरील पॉइंट यांमुळे परिचित आहे. परंतु महाबळेश्वर तालुका म्हणजे केवळ हे शहर नव्हे. घाटाखाली उतरून तापोळ्याच्या बाजूस गेले की कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी लागते, आणि त्या पाण्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यातील लहान लहान गावे डोंगराच्या कुशीत विखुरलेली आहेत. या भागात होडी, लाँच आणि वाहने पलीकडे नेणारा तराफा ही चैनीची साधने नसून नित्याच्या दळणवळणाची साधने आहेत. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठ दूर जातो आणि होडीतून उतरल्यावर गाळाची चढण तुडवावी लागते. २०२४ साली सातारा व सांगली या दोन्ही लोकसभा मतदारसंघांचे मतदान झाले ते ७ मे रोजी, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. अशा दिवशी चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने किंवा नव्वदीच्या आजीने पायवाट उतरून केंद्र गाठावे, ही अपेक्षा कायद्यास धरून असली तरी माणुसकीस धरून नाही.

टपालाने मत देण्याची कल्पना प्रथम अपंगांसाठी निघाली नव्हती. तिचा मूळ लाभार्थी म्हणजे सैनिक. सातारा जिल्ह्यास हे वेगळे सांगावयास नको. या जिल्ह्यात मिलिटरी अपशिंगे या नावानेच ओळखले जाणारे गाव आहे, आणि सीमेवर असलेल्या मुलाचे मत गावच्या निवडणुकीत कसे पडते, हे येथील अनेक घरांस ठाऊक आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६० व्या कलमाने काही विशिष्ट वर्गांतील मतदारांस टपालाने मत देण्याची मुभा दिली आणि १९६१ च्या निवडणूक संचालन नियमांनी तिची पद्धत आखून दिली. सैनिक आणि निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी अशा कर्तव्यावर असलेल्या लोकांसाठी ही सोय मुख्यतः वापरात राहिली. जो देशासाठी घराबाहेर आहे त्यास घरचे मत द्यावयास मिळावे, हा तिच्यामागील हेतू होता. जो घरातच अडकून पडला आहे, त्याचा विचार होण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

ती वेळ २२ ऑक्टोबर २०१९ रोजी आली. त्या दिवशी नियमांत दुरुस्ती होऊन ८० वर्षांवरील वृद्ध आणि मतदारयादीत अपंग म्हणून नोंद असलेले नागरिक यांचा ‘अनुपस्थित मतदार’ या वर्गात समावेश झाला. त्याच वर्षाअखेर झारखंडच्या काही विधानसभा मतदारसंघांत या पद्धतीचा पहिला प्रयोग झाला. पुढे मार्च २०२४ मध्ये वृद्धांसाठीची वयोमर्यादा ८० वरून ८५ वर नेण्यात आली, आणि त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ही सोय प्रथमच साऱ्या देशभर लागू झाली. त्या निवडणुकीची घोषणा करताना निवडणूक आयोगाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशात अपंग मतदार सुमारे ८८ लाख आणि ८५ वर्षांवरील मतदार सुमारे ८२ लाख होते. महाराष्ट्रापुरते पाहिले तर २०११ च्या जनगणनेत सर्व वयांचे मिळून सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग नोंदले गेले होते. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा आहे असे कोणी मानू नये.

या व्यवस्थेचे नाव टपाली असले तरी तिच्यात टपालवाला नाही. मतपत्रिका पोस्टाच्या पिशवीतून येत नाही. ती निवडणूक कर्मचाऱ्यांचे पथक स्वतः घेऊन मतदाराच्या घरी येते आणि मत नोंदवून झाल्यावर तेच पथक ती परत नेते. म्हणूनच व्यवहारात तिला ‘गृहमतदान’ असे नाव रूढ झाले आहे. ती मिळविण्यासाठी मतदारास ज्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्या नीट समजून घेणे अगत्याचे आहे. कारण अनेकांची संधी हुकते ती अपंगत्वामुळे नव्हे, तर पायरीची माहिती नसल्यामुळे.

पहिली पायरी म्हणजे मतदारयादीतील नोंद. नाव यादीत असणे पुरेसे नाही. त्या नावापुढे अपंगत्वाची खूण असावी लागते. ज्यांचे नाव पूर्वीच यादीत आहे, त्यांनी नमुना ८ भरून ही खूण करून घ्यावयाची असते. निवडणूक आयोगाच्या ‘सक्षम’ या मोबाइल ॲपवरूनही तशी विनंती करता येते. दुसरी पायरी प्रमाणपत्राची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ज्यास लक्षणीय अपंगत्व म्हटले आहे, ते ४० टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते आणि त्याबद्दलचा सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जवळ असावा लागतो. हा दाखला निवडणूक लागल्यावर धावपळ करून मिळणारा कागद नव्हे. कांदाटी खोऱ्यातील रहिवाशास त्यासाठी आधी पाणी ओलांडावे लागते, मग घाट चढावा लागतो आणि त्यानंतर साताऱ्याची वाट धरावी लागते. ज्यास घराबाहेर पडणे अशक्य आहे, त्यास घरी बसून मत देण्याच्या परवानगीसाठी आधी घराबाहेर पडावे लागावे, हा या व्यवस्थेतील एक विरोधाभास आहे. दाखला आधीच काढून ठेवणे, एवढाच त्यावर कुटुंबाच्या हाती असलेला उपाय.

तिसरी पायरी म्हणजे नमुना १२-ड. निवडणुकीची अधिसूचना निघाली की मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यास सर्वजण बीएलओ म्हणून ओळखतात, तो नोंद असलेल्या अपंग व अतिवृद्ध मतदारांच्या घरी जाऊन हा अर्ज देतो. अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत तो भरून, दाखल्याची प्रत जोडून परत करावा लागतो. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबर रोजी निघाली. म्हणजे अर्जाची मुदत २७ ऑक्टोबरला संपली. मतदान मात्र २० नोव्हेंबर रोजी झाले. यावरून ध्यानात येईल की उमेदवार कोण हेही निश्चित होण्यापूर्वी अपंग मतदारास आपण कोठून मत देणार याचा निर्णय करावा लागतो. हा निर्णय नंतर फिरविता येत नाही. अर्ज मंजूर झाला की यादीत त्या नावापुढे ‘पीबी’ ही दोन अक्षरे उमटतात, आणि मग तो मतदार केंद्रावर गेला तरी त्यास तेथे मत देता येत नाही. या बंधनामागे कारण आहे: एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये. पण त्याची जाणीव अर्ज भरण्यापूर्वीच घरातील सर्वांस असली पाहिजे.

चौथी आणि शेवटची पायरी म्हणजे पथकाची भेट. भेटीचा दिवस आगाऊ कळविला जातो. पथकात मतदान अधिकारी, बंदोबस्ताचा पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे लोक असतात. उमेदवारांच्या प्रतिनिधींसही भेटींचे वेळापत्रक दिले जाते. मतदार पहिल्या खेपेस घरी न भेटल्यास पथक पुन्हा एकदा येते. दुसऱ्या खेपेसही तो न भेटला तर ती संधी गेली असे समजावे. औषधोपचारासाठी वाई, सातारा किंवा पुणे येथे जाणे-येणे असलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी हे तारखांचे गणित विशेष सांभाळावयास हवे.

आता घरात प्रत्यक्ष मतदान कसे होते ते पाहू जाता, या पद्धतीमागील योजकता दिसून येते. मतदारास चार वस्तू मिळतात: मतपत्रिका, एक घोषणापत्र, एक लहान लखोटा आणि एक मोठा लखोटा. मतदार मतपत्रिकेवर पेनने आपल्या पसंतीच्या उमेदवारापुढे खूण करतो, पत्रिका लहान लखोट्यात घालून तो बंद करतो, घोषणापत्रावर सही करून ते अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेतो, आणि लहान लखोटा व घोषणापत्र अशी दोन्ही मोठ्या लखोट्यात घालतो. मतमोजणीच्या दिवशी सकाळी टपाली मते प्रथम हाती घेतली जातात. आधी मोठा लखोटा उघडून घोषणापत्र तपासतात. त्यावर सही किंवा साक्षांकन नसल्यास आतील मत न उघडताच बाद होते. घोषणापत्र बरोबर असेल तर ते बाजूस ठेवले जाते आणि लहान लखोटा न उघडता इतर लखोट्यांत मिसळला जातो. असे सर्व लखोटे एकत्र झाल्यावरच ते उघडतात. म्हणजे मत कोणी दिले हे एका कागदावर राहते आणि मत कोणास दिले हे दुसऱ्या कागदावर. मोजणाऱ्याच्या हाती ते दोन्ही एका वेळी येऊ नयेत, अशी ही बांधणी आहे. दोन लखोट्यांच्या या साध्या युक्तीवर टपाली मताची सारी गुप्तता उभी आहे.

परंतु ही युक्ती एका गृहीत गोष्टीवर अवलंबून आहे. ती अशी की, लहान लखोटा बंद होण्यापूर्वी मतपत्रिका मतदाराखेरीज कोणी पाहिलेली नाही. ज्यास दिसते आणि ज्याचा हात चालतो, त्याच्या बाबतीत हे गृहीत खरे ठरते. पाय गेलेला मनुष्य खोलीच्या कोपऱ्यात, पाठ फिरवून, स्वतःच्या हाताने खूण करतो आणि लखोटा बंद करतो. त्याच्या दृष्टीने गृहमतदान हे वरदानच होय. पण अंध मनुष्याच्या हातात तोच छापील कागद दिला असता तो त्यास मुका असतो. नावे कोठे, चिन्हे कोठे, खूण करण्याची जागा कोणती, यांपैकी काहीच त्यास कळत नाही. ज्याचे हात थरथरतात किंवा वळत नाहीत, त्यास नावे वाचता आली तरी लहानशा चौकटीत खूण उमटविता येत नाही. अशा मतदारास दुसऱ्या कोणाचा तरी हात घ्यावा लागतो. १९६१ च्या नियमांत टपाली मतदाराबाबत अशी तरतूद आहे की, निरक्षरता, अंधत्व किंवा शारीरिक दुर्बलता यांमुळे ज्यास मत नोंदविता येत नाही, त्याने साक्षांकन करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जावे आणि त्या अधिकाऱ्याने मतदाराच्या इच्छेप्रमाणे खूण करावी. गृहमतदानात घरच्या किंवा विश्वासातील प्रौढ व्यक्तीचे साहाय्य घेता येते. दोन्ही प्रकारांत मत दुसऱ्याच्या कानी पडते आणि दुसऱ्याच्या हाताने उमटते. बाहेरचे दोन्ही लखोटे कितीही काळजीपूर्वक बंद केले तरी गुपित त्यापूर्वीच फुटलेले असते.

येथे एक लक्षात घेण्याजोगी तुलना समोर येते. मतदान केंद्रातील यंत्र अंधांस या कागदापेक्षा अधिक अनुकूल आहे. २००४ साली अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर केंद्रावर उतरण बांधणे व यंत्रावर ब्रेल अंक उमटविणे या गोष्टींस गती मिळाली. मतदान यंत्राच्या एका पेटीवर १६ जागा असतात आणि प्रत्येक बटणालगत ब्रेल लिपीत अंक असतो. केंद्रावर उमेदवारांची ब्रेलमधील यादी ठेवलेली असते. ती बोटांनी वाचून, हव्या त्या उमेदवाराचा क्रमांक ध्यानात धरून, अंध मतदार एकट्याने बटण दाबू शकतो. कागदाची पावती दाखविणारे जे यंत्र पुढे जोडले गेले, त्यातील चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. ती पाहून खात्री करणे अंधास शक्य नाही, ही उणीव राहतेच. तरीही मत देण्याचे मुख्य कृत्य तो कोणालाही न सांगता उरकू शकतो. सोबती हवाच असेल तर १८ वर्षांवरील एक व्यक्ती बरोबर नेता येते. तिला गुप्तता पाळण्याचे लेखी वचन द्यावे लागते आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती होता येत नाही.

यावरून विचित्र स्थिती निर्माण होते. तापोळ्याच्या पलीकडील एखाद्या वाडीत राहणाऱ्या अंध मतदारापुढे दोन मार्ग असतात. एक, पाणी आणि चढण ओलांडून केंद्र गाठावे आणि तेथे आपले मत आपल्या बोटाने, गुप्तपणे द्यावे. दुसरा, घरी बसून सुखाने मत द्यावे, पण ते दुसऱ्याच्या हाताने. म्हणजे वाट सोपी हवी असेल तर गुप्तता सोडावी, आणि गुप्तता हवी असेल तर वाट सोसावी. जे दोन्ही हक्क इतर नागरिकांस एकदम मिळतात, त्यांपैकी एकाची निवड त्याने करावयाची! त्यातही ही निवड उमेदवारांची नावे कळण्यापूर्वी, पाच दिवसांत, आणि पुन्हा न बदलता येईल अशी.

कोणी म्हणेल की घरातील माणसाने खूण केली तर बिघडले कोठे? मुलगा, सून, नातू ही काही परकी माणसे नव्हेत. हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु गुप्त मतदानाचे मर्म तो विसरतो. मत गुप्त ठेवण्याची गरज शत्रूपासून जितकी असते, तितकीच ती ज्यांच्यावर आपले अन्न, औषध आणि अंथरूण अवलंबून आहे त्यांच्यापासूनही असते. परावलंबी मनुष्य घरातल्यांस दुखवू इच्छीत नाही. घरातील वडीलधारे एका पक्षाचे असतील तर त्यांच्यासमोर दुसऱ्या पक्षाचे चिन्ह उच्चारण्याचे धैर्य त्यास होईलच असे नाही. गावातील निवडणुकीत तर भावकी, वाडी, पाणी आणि रस्ता यांचे हितसंबंध गुंतलेले असतात. अशा वेळी तो ‘तुम्हाला वाटेल तिथे करा’ असे म्हणून मोकळा होतो, आणि कागदोपत्री त्याचे मत पडले तरी वस्तुतः ते दुसऱ्याचेच दुसरे मत असते. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसेलही. पण हक्क मात्र गेलेला असतो.

कायद्याने हे मान्य केलेलेच आहे. १९५१ च्या कायद्यानेच मताच्या गुप्ततेस संरक्षण दिले आहे. अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्य केला. त्याच्या २९ व्या कलमात अपंगांस गुप्त मतदानाचा हक्क स्पष्ट शब्दांत सांगितला आहे. २०१६ च्या कायद्याचे ११ वे कलम निवडणूक आयोगावर दुहेरी जबाबदारी टाकते: सर्व मतदान केंद्रे अपंगांस सुगम असावीत, आणि निवडणुकीसंबंधीचे सर्व साहित्य त्यांस समजण्यासारखे व वापरण्यासारखे असावे. मतपत्रिका हे तर निवडणुकीतील सर्वांत महत्त्वाचे साहित्य. ती घरी पोहोचविल्याने पहिल्या अर्ध्या कर्तव्याची भरपाई झाली. ती अंधास वाचता यावी, हे दुसरे अर्धे कर्तव्य शिल्लक आहे.

इतर देशांनी या अडचणीवर जे उपाय शोधले, त्यांतून बोध घेण्यासारखा आहे. जर्मनीत मतपत्रिकेचा वरचा उजवा कोपरा कापलेला किंवा त्यास भोक पाडलेले असते. त्यावरून कागदाची सुलटी बाजू अंधास बोटाने कळते. अंधांच्या संघटना पुठ्ठ्याचा एक साचा विनामूल्य देतात. त्यास उमेदवारांच्या जागी खिडक्या पाडलेल्या असतात, आणि सोबत नावे क्रमाने वाचून दाखविणारे ध्वनिमुद्रण असते. मतदार कागद साच्यात बसवितो, ध्वनिमुद्रण ऐकतो, खिडक्या मोजतो आणि स्वतः खूण करतो. ही सोय केंद्रावर चालते, तशीच टपाली मतासाठी घरीही चालते. तिच्यात यंत्र नाही, वीज नाही, मोठा खर्चही नाही.

इंग्लंडने २००० च्या कायद्यान्वये केंद्रांवर असाच एक स्पर्शाने कळणारा साचा ठेवला होता, पण त्याच्याबरोबर नावे ऐकविण्याची व्यवस्था नव्हती. परिणामी कितवी खिडकी हे कळे, पण त्या खिडकीत कोण हे दुसऱ्यास विचारावे लागे. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने या साच्याने कायद्याचा हेतू साधत नाही असा निर्णय दिला. धडा असा की साचा आणि आवाज या दोन्हींची जोडी हवी. एकट्याने काम भागत नाही. न्यूझीलंडने २०१४ च्या निवडणुकीपासून अंधांस दूरध्वनीवरून मत सांगण्याची सोय दिली. त्यात मतदार आधी नोंदणी करून एक क्रमांक घेतो, आणि मत लिहून घेणाऱ्यास केवळ तो क्रमांक कळतो, नाव कळत नाही. ऑस्ट्रेलियातही अशा तऱ्हेची दूरध्वनीची व्यवस्था आहे. अमेरिकेत २०२० साली साथीमुळे टपाली मतदान वाढले, तेव्हा मिशिगनसारख्या राज्यात अंध मतदारांनी न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर संगणकाच्या वाचकध्वनीच्या साहाय्याने घरीच मतपत्रिका भरून ती छापून टपालाने पाठविण्याची मुभा त्यांस मिळाली.

यांपैकी कोणता उपाय सह्याद्रीच्या वाडीत चालण्यासारखा आहे? संगणक आणि छपाईयंत्र प्रत्येक घरी नसते, आणि डोंगराच्या आड दूरध्वनीचा आवाज तुटतो. पण साचा आणि ध्वनिमुद्रण ही जोडी पथकाच्या पिशवीत सहज मावेल. एक अडचण सांगितली जाईल की प्रत्येक मतदारसंघाची पत्रिका वेगळी, उमेदवारांची संख्या वेगळी, आणि माघारीनंतर मतदानापर्यंत दिवस थोडे. २०२४ च्या विधानसभेच्या वेळी माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, म्हणजे हाती सोळा दिवस होते. तिचे उत्तर यंत्राच्याच रचनेत आहे. मतदान यंत्रावर १६ जागांतील अंतर सर्वत्र ठरलेले असते. म्हणून ब्रेल अंक एकदाच उमटविले तरी ते सर्व मतदारसंघांत चालतात. टपाली मतपत्रिकेवरील ओळींचे अंतर असेच ठरवून दिले, कागदाचा एक कोपरा कापला, तर क्रमांक उमटविलेला एकच साचा साऱ्या देशात, निवडणुकीमागून निवडणूक, वापरता येईल. बदलावयाचे ते फक्त नावांचे ध्वनिमुद्रण, आणि ते एका सायंकाळचे काम आहे. ज्या आयोगास पावती दाखविणारी लाखो यंत्रे देशभर पोहोचविता आली, त्यास पुठ्ठ्याचा साचा अवघड नाही.

ध्वनिमुद्रणाचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी १९५१ साली ठरली आणि अंधशाळांतून शिकलेल्यांस ती येते. परंतु मधुमेहाने, काचबिंदूने किंवा वार्धक्याने ज्यांची दृष्टी उतारवयात गेली, त्यांनी बहुधा ब्रेल कधी शिकलेलीच नसते. आणि गृहमतदानाचा अधिकार ज्यांस आहे, त्यांत अशा लोकांचाच भरणा मोठा असणार. त्यांच्यासाठी बोटांनी खिडक्या मोजणे व कानांनी नावे ऐकणे हाच सुलभ मार्ग. सैनिकांच्या बाबतीत २०१६ साली नियम बदलून कोरी मतपत्रिका विद्युत्-मार्गाने पाठविण्याची सोय झाली, कारण टपालास लागणारा वेळ मताच्या आड येत होता. मताच्या आड येणारी अडचण ओळखून नियम बदलता येतो, याचे हे घरचेच उदाहरण आहे.

नियम बदलेपर्यंत कुटुंबांच्या हाती काय आहे, तेही सांगितले पाहिजे. पहिली गोष्ट, निवडणुकीची वाट न पाहता यादीतील नोंद व दाखला पुरा करून ठेवावा. दुसरी, १२-ड भरण्यापूर्वी ज्याचे मत त्यालाच विचारावे. पाय अधू असून दृष्टी व हात ठीक असलेल्यास गृहमतदान सर्वस्वी सोयीचे. पण जो अंध मनुष्य चालू शकतो आणि ज्यास केंद्रावरील ब्रेल अंकांचा उपयोग होतो, त्याने अर्ज न भरता केंद्रावर जाणे अधिक हिताचे ठरेल. केंद्रावर त्यास रांगेत थांबावे लागत नाही. तिसरी, साहाय्य घ्यावेच लागले तर सोबती मतदाराने स्वतः निवडावा. घरातील सर्वांत बोलक्या माणसाने तो मान आपणहून घेऊ नये. खूण करताना इतरांनी खोलीबाहेर जावे, आणि सोबत्याने जे ऐकले ते तेथेच ठेवावे. मत दिल्यावर ‘कोणाला दिलेस?’ असा प्रश्न जसा आपल्या शेजाऱ्यास कोणी विचारीत नाही, तसा तो घरातील अंधासही विचारू नये.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. वरील सर्व नियम लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुकांचे आहेत. महाबळेश्वर गिरिस्थान नगरपरिषद, पंचायत समिती, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत येतात आणि तेथे गृहमतदानाची ही तरतूद आपोआप लागू होत नाही. वास्तविक नळाचे पाणी, वाडीचा रस्ता आणि होडीचा धक्का यांचा निर्णय पुष्कळसा याच संस्थांत होतो. अपंगांचे सर्वांत निकटचे हित तेथेच आहे. २०१६ च्या कायद्याचे ११ वे कलम राज्य निवडणूक आयोगांसही तितकेच बांधते, हे येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

तात्पर्य, मतपेटीने घाट उतरला, पाणी ओलांडले आणि ती अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या उशाशी आली, ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. २०१९ पूर्वी जे मत घरातच विझत होते, ते आता मोजले जाते. परंतु मत मोजले जाणे आणि ते मतदाराचे स्वतःचे असणे, या दोन गोष्टींमध्ये अजून एका साच्याचे आणि एका ध्वनिमुद्रणाचे अंतर उरले आहे. ते अंतर किती थोडे आहे, हे एकदा ध्यानात आले, म्हणजे ते तसेच राहू देण्यास कोणतेही सबळ कारण उरत नाही.